तेरचे मत आणि राष्ट्रपतींची निवड



आपले राष्ट्रपती कोण निवडतो, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो चटकन सांगेल की, खासदार आणि आमदार निवडतात. उत्तर बरोबर आहे. पण त्याला पुढचा प्रश्न विचारावा : अमुक मनुष्य आमदार झाला, हे ठरवतो कोण? लोक ठरवतात, असे तो म्हणेल. तेही बरोबरच. परंतु लोकांनी ठरवलेली गोष्ट कागदावर कोण आणतो, त्या कागदावर सही कोणाची असते, ती सही एखाद्याने अडवून धरली तर काय होते, आणि त्या कागदावाचून आमदाराला राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देता येते की नाही, हे प्रश्न विचारले म्हणजे मुलगाच काय, त्याचे वडीलही जरा घुटमळतात. आज मी या कागदाविषयी बोलणार आहे. विषय कचेरीतला आहे खरा. पण आपल्या तेरला तो समजावून सांगणे मला अवघड वाटत नाही. हे गोरोबाकाकांचे गाव. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे घेऊन संतमंडळींची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा येथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मडके पक्के आहे की कच्चे, हे मडक्याने स्वतः सांगून भागत नाही. ते कोणीतरी ठोकून पाहावे लागते. राज्यव्यवहारात प्रश्न एवढाच उरतो की, थापटणे कोणाच्या हाती द्यायचे?

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होऊ शकतो हे पाहण्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे तिकडे असतील, म्हणून तो देश आता तेवढा परकाही राहिलेला नाही. तिथला अध्यक्ष लोकांच्या मतांच्या बेरजेने निवडला जात नाही. प्रत्येक घटकराज्याला काही निर्वाचक दिलेले आहेत. ते सर्व मिळून ५३८, आणि त्यांतले २७० ज्याच्या बाजूला तो अध्यक्ष. नोव्हेंबरात लोक मत देतात ते वस्तुतः या निर्वाचकांना. मोजणी झाली की आपल्या राज्यात कोणाचे निर्वाचक निवडून आले याचा दाखला त्या राज्याचा गव्हर्नर आपल्या सहीने देतो. मग डिसेंबरात ते निर्वाचक आपापल्या राज्याच्या राजधानीत जमून अध्यक्षाला मत देतात, आणि ६ जानेवारीला तिथल्या संसदेत त्या मतांची लखोटे फोडून मोजणी होते.

आता यातली मेख ध्यानात घ्या. तिथला गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो. तो निवडून आलेला, एखाद्या पक्षाचा पुढारी असतो. म्हणजे थापटणे खेळाडूच्याच हाती. १८७६ सालच्या निवडणुकीत दक्षिणेतल्या तीन राज्यांतून, म्हणजे फ्लोरिडा, लुइझियाना आणि साउथ कॅरोलिना यांतून, दोन-दोन परस्परविरोधी दाखले गेले. खरा कोणता, हे सांगणारे कोणी नव्हते. शेवटी १५ जणांचे मंडळ नेमावे लागले, त्याने प्रत्येक वादात ८ विरुद्ध ७ असा कौल दिला, आणि १८५ विरुद्ध १८४ अशा एका मताने हेज अध्यक्ष झाले. १९६० साली हवाई राज्यातूनही दोन दाखले गेले. पहिल्या मोजणीत निक्सन पुढे होते, म्हणून त्यांच्या निर्वाचकांना दाखला मिळाला. फेरमोजणीत केनेडी ११५ मतांनी पुढे निघाले, म्हणून दुसरा दाखला निघाला. संसदेत मोजणीच्या आसनावर उपाध्यक्ष या नात्याने खुद्द निक्सन बसलेले होते. त्यांनी स्वतःच्या विरुद्ध जाणारा दाखला मोजायला सांगितला. निकाल आधीच ठरलेला होता, म्हणून यात फारसा त्याग नव्हता असे म्हणणारे म्हणोत. मला त्या माणसाच्या एकंदर चरित्रात ही जागा बरी वाटते.

२०२० साली मात्र अशी समजूत कोणी दाखवली नाही. हरलेल्या पक्षाच्या लोकांनी सात राज्यांत जमून, आपणच खरे निर्वाचक आहोत अशा अर्थाचे कागद सह्या करून तयार केले, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी मोजणी चालू असताना जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. त्यानंतर २०२२ साली तिथे नवा कायदा झाला. गव्हर्नरचा दाखला, न्यायालयाने तो बदलला नसेल तर, अखेरचा मानावा; उपाध्यक्षाचे काम केवळ कारकुनी; आणि हरकत घ्यायची तर दोन्ही सभागृहांतील किमान एक पंचमांश सभासदांनी ती घ्यावी, असे त्यात ठरले. पूर्वी प्रत्येक सभागृहातला एकेक सभासद पुरत असे.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे निर्वाचक निराळे निवडावे लागत नाहीत. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सभासद आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद मिळून निर्वाचकगण होतो. दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील विधानसभाही त्यात आहेत. ‘निवडून आलेले’ या शब्दावर बोट ठेवा. नियुक्त सभासदांना मत नाही. विधानपरिषदेलाही मत नाही, मग तिचा सभासद कितीही मोठा असो. २०१२ सालच्या जुलैमध्ये राष्ट्रपतींची निवडणूक झाली तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे विधानपरिषदेचे सभासद होते. त्यांच्या मंत्रिमंडळातील विधानसभेचे आमदार मत द्यायला गेले. मुख्यमंत्र्यांना मत नव्हते.

तेव्हा तेरच्या मतदाराने आमदाराला दिलेले मत एका अर्थाने दोनदा कामाला येते : एकदा विधानसभेसाठी आणि, मुदतीत राष्ट्रपतींची निवडणूक आली तर, दुसऱ्यांदा तिच्यासाठी. या दोन कामांच्या मधला जो पूल, तो आपल्याला पाहायचा आहे.

मतदान संपल्यावर येथल्या शाळेतल्या खोलीत केंद्राध्यक्ष यंत्र बंद करतो आणि त्या केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली याचा हिशेब नमुना १७-सी या कागदावर लिहितो. त्याची साक्षांकित नक्कल तिथे हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यावी लागते. हा कागद लहान दिसतो, पण सगळ्या इमारतीचा पाया तोच. मतमोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा आणि या कागदावरचा आकडा जुळला पाहिजे. माझे तर मत असे की, मतदान प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्या तरुणांनी दिवसभर चहा कमी प्यावा आणि संध्याकाळी ही नक्कल घेतल्यावाचून उठू नये. पुढे केंद्रवार सर्व आकडे नमुना २० मध्ये एकत्र येतात. ते पाहून निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो. दोघांची मते सारखी पडली तर तो चिठ्ठी टाकतो, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला एक मत अधिक मिळाले असे धरले जाते. निकाल जाहीर झाला की विजयी उमेदवाराला नमुना २२ वर निवडून आल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि त्याची पोच घेतली जाते. वर्तमानपत्रात हारतुरे घातलेल्या उमेदवाराच्या हातात जो कागद दिसतो तो हाच.

पण हा कागद म्हणजे आमदारकी, असे समजणे चूक होईल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ याच्या ६७-अ या कलमाप्रमाणे, अधिकाऱ्याने निकाल जाहीर केला तोच उमेदवार निवडून आल्याचा दिवस. प्रमाणपत्र हे त्या गोष्टीचा पुरावा आहे. ती गोष्ट घडवणारे कारण ते नव्हे. घराचा उतारा हरवला म्हणून घर हरवत नाही, तसेच हे.

यानंतरचे पाऊल सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सर्व मतदारसंघांचे निकाल आले की त्याच अधिनियमाच्या ७३ व्या कलमाप्रमाणे निवडून आलेल्या सर्व सभासदांची नावे राजपत्रात प्रसिद्ध होतात, आणि त्या क्षणी नवी विधानसभा रीतसर गठित झाली असे मानले जाते. ही अधिसूचना कोण काढतो? मुख्यमंत्री नाही, मुख्य सचिव नाही, राज्यपालही नाही. ती भारताच्या निवडणूक आयोगाची असते. २०२४ साली आपल्याकडे २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला मोजणी झाली. दुसऱ्या दिवशी आयोगाच्या अधिकाऱ्यांनी राजपत्राची प्रत राज्यपालांच्या हाती दिली. राज्यपालांना ती कळवण्यात आली. त्यांची संमती मागण्यात आली नव्हती. एखाद्या मतदारसंघात उमेदवाराच्या मृत्यूमुळे मतदान लांबले असेल तरी बाकीच्यांची अधिसूचना थांबत नाही.

अमेरिकेत आणि आपल्यात मूळ फरक पडतो तो येथे. तिकडे राज्य आपल्या निर्वाचकांना दाखला देते. आपल्याकडे राज्य सरकारला या कामात हातच नाही. हरलेल्या पक्षाचा मुख्यमंत्री गादीवर असला, तरी त्याला ‘मी सही करीत नाही’ असे म्हणण्याची सोय ठेवलेली नाही, कारण त्याच्या सहीची जागाच कागदावर नाही. मला ही व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते. मात्र तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व राज्यांची थापटणी काढून घेऊन आपण एक मोठे थापटणे एका आयोगाच्या हाती दिले आहे. तेव्हा त्या आयोगावर माणसे कोण नेमतो, हा प्रश्न दिल्लीतल्या वकिलांपुरता राहत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, संसद कायदा करीपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या शिफारशीने आयुक्त नेमावेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि समितीत सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. यात बहुमत कोणाकडे झुकते हे सांगायला गणित लागत नाही. ज्याला निकाल मान्य करायचा आहे अशा हरलेल्या माणसाच्या डोळ्यांनी ही समिती पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

शपथ न घेतलेल्या आमदाराचे काय? हा प्रश्न पोकळ नाही. २०१९ साली २४ ऑक्टोबरला आपल्या विधानसभेचे निकाल लागले; सरकार कोणाचे हे ठरेना; १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ ला उठली; आणि आमदारांना शपथ मिळाली ती २७ नोव्हेंबरला. महिनाभर २८८ माणसे निवडून आलेली होती, पण सभागृहात पाऊल ठेवलेली नव्हती. त्या अवधीत राष्ट्रपतींची निवडणूक आली असती तर? राज्यसभेच्या निवडणुकीसंबंधी असाच वाद सर्वोच्च न्यायालयापुढे पशुपतिनाथ सुकुल यांच्या खटल्यात आला होता. न्यायालयाने म्हटले की, सभागृहात बसणे, बोलणे आणि तिथे मत देणे यासाठी शपथ लागते. पण निर्वाचक म्हणून मत देणे हे सभागृहाचे कामकाज नव्हे. नाव राजपत्रात आले, की मनुष्य निर्वाचक झाला. तोच न्याय येथेही लागू पडतो.

आता तेरच्या बाजूने थोडा इतिहास. राष्ट्रपतींच्या पहिल्या तीन निवडणुकांत या गावाचे मत तीन निरनिराळ्या विधानसभांतून गेले आहे. १९५२ च्या मे महिन्यात राजेंद्रप्रसाद निवडून आले तेव्हा उस्मानाबाद जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली, आणि चार वर्षांच्या आत येथल्या शेतकऱ्याने निवडलेला प्रतिनिधी भारताच्या राष्ट्रपतीसाठी मत टाकू लागला. हैदराबादच्या त्या विधानसभेत सभासद होते १७५. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९५७ चे मत मुंबईच्या विधानसभेतून गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ साली राधाकृष्णन निवडून आले ते मत महाराष्ट्राचे. गाव जागचे हलले नाही, तेरणाही हलली नाही. ज्या यादीत नाव लिहायचे ती यादी तेवढी दोनदा बदलली.

१९५७ चे नाव निघाले म्हणून एका मराठी माणसाची हकिकत सांगितली पाहिजे. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे हे मध्यप्रांत-वऱ्हाडचे माजी मुख्यमंत्री, तापट आणि हट्टी म्हणून प्रसिद्ध. १९५७ साली ६ मे ही राष्ट्रपतींच्या मतदानाची तारीख ठरली, तेव्हा हिमालयाच्या बाजूच्या काही मतदारसंघांतल्या निवडणुका व्हायच्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की, निर्वाचकगण पुरा भरलेला नसताना ही निवडणूक घेताच येत नाही. न्यायालय म्हणाले, वाद असेल तर निवडणूक पुरी झाल्यावर या. निवडणूक पुरी झाली. डॉक्टर पुन्हा गेले. या वेळी उत्तर मिळाले की, कायद्याप्रमाणे अर्ज उमेदवाराने करावा किंवा किमान दहा निर्वाचकांनी मिळून करावा. आपण दोहोंपैकी नाही. आज ही संख्या वीस आहे. म्हणजे त्यांनी काढलेल्या मूळ मुद्द्याचा, यादी अपुरी असताना घेतलेले मत चालते काय याचा, निकाल लागलाच नाही.

खटला हरला, पण मुद्दा सरकारला झोंबला. १९६१ साली अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि ७१ व्या अनुच्छेदात नवे पोटकलम आले : निर्वाचकगणात कोणत्याही कारणाने जागा रिकामी असली, तरी त्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडणुकीला हरकत घेता येणार नाही. तर्काच्या दृष्टीने डॉक्टरांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मला वाटत नाही. परंतु ते मान्य झाले असते, तर एखादी जागा रिकामी ठेवून राष्ट्रपतींची निवडणूक अडवता आली असती. राष्ट्रपतीपद रिकामे पडणे हे एखाद्या तालुक्याचे मत बुडण्यापेक्षा मोठे संकट, असा हा निवाडा आहे. ज्या तालुक्याचे मत बुडते त्याला तो गोड वाटणार नाही, हेही तितकेच खरे.

१९७४ साली तर एका संपूर्ण राज्याचे मत बुडाले. गुजरातमधील नवनिर्माण आंदोलनानंतर तिथली विधानसभा विसर्जित झाली होती, आणि गिरी यांची मुदत २४ ऑगस्टला संपत होती. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला विचारला. न्यायालयाने सांगितले की, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. विसर्जित विधानसभेचे माजी सभासद मत देऊ शकत नाहीत, आणि त्यांच्यावाचूनही निवडणूक वैध आहे. येथे विसर्जित आणि संस्थगित यांतला भेद ध्यानात ठेवावा. सभा नुसती थांबवून ठेवली असेल तर आमदार हा आमदारच असतो आणि त्याचे मत कायम राहते. सभा मोडली की सारेच गेले.

आता मताच्या वजनाकडे येऊ. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत प्रत्येक आमदाराचे मत एक धरत नाहीत. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागायचे, आलेल्या आकड्यात हजार किती वेळा येतात ते पाहायचे, आणि उरलेली बाकी पाचशे किंवा अधिक असेल तर एक मिळवायचा. लोकसंख्या घ्यायची ती १९७१ च्या शिरगणतीची. तेव्हा महाराष्ट्रात ५,०४,१२,२३५ माणसे होती. त्याला २८८ ने भागले की १,७५,०४२ आणि काही अपूर्णांक येतो. हजार येतात १७५, बाकी नगण्य. म्हणून महाराष्ट्राच्या आमदाराचे मतमूल्य १७५. जुन्या हैदराबाद विधानसभेच्या सभासदसंख्येशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोग, पण तेरकरांना पाठ करायला सोयीचा! २८८ गुणिले १७५ म्हणजे ५०,४००. उत्तर प्रदेशाचे ८३,८२४, आणि त्याच्या खालोखाल आपलेच. सिक्कीमच्या आमदाराचे मूल्य फक्त ७. साऱ्या आमदारांच्या मूल्याची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागतात. ते खासदाराचे मतमूल्य. २०२२ साली आमदारांची बेरीज ५,४३,२३१ होती, खासदार ७७६, म्हणून प्रत्येक खासदाराला ७०० मिळाले. जम्मू-काश्मीरला त्या वेळी विधानसभा नव्हती, म्हणून हा आकडा २०१७ च्या ७०८ वरून खाली आला. राज्ये एका पारड्यात आणि केंद्र दुसऱ्या पारड्यात, अशी ही तागडी आहे.

या १७५ चे मोल किती, हे १९६९ साली दिसले. त्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी आणि संजीव रेड्डी यांच्याबरोबर तिसरे महत्त्वाचे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे. मतदाराला येथे पसंतीचे आकडे लिहावयाचे असतात : पहिला, दुसरा, तिसरा. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. विजयाला लागत होती ४,१८,१६९. कोणीच तिथे पोचला नाही. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली. देशमुखांच्या पाठीराख्यांची दुसरी पसंती बहुतेक रेड्डींकडे गेली. रेड्डी ४,०५,४२७ पर्यंत चढले. गिरी चढले ते ४,२०,०७७ पर्यंतच, पण तेवढे पुरले. जिंकण्याच्या रेषेपलीकडे त्यांच्याजवळ १,९०८ होते. आजच्या १७५ च्या हिशेबाने हे अकरा आमदार. अकरा मतदारसंघांचे निकाल अडून राहिले असते, किंवा अकरा नावे यादीत नसती, तर त्या मोजणीत काय झाले असते याचा विचार ज्याने त्याने करावा.

प्रत्यक्ष मतदान कसे होते तेही पाहू. निर्वाचकांची यादी नाव-पत्त्यांसह अद्ययावत ठेवण्याचे काम निवडणूक आयोगाकडेच असते. उमेदवाराला १९९७ पासून पन्नास निर्वाचक सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, शिवाय १५,००० रुपये अनामत. त्यापूर्वी १९७४ पासून दहा-दहा लागत. त्याआधी तर हौशी उमेदवारांची दाटी होई, १९६९ सालीच पंधरा उभे होते. आपले आमदार मुंबईत विधानभवनात मत देतात. त्यांची मतपत्रिका गुलाबी आणि खासदारांची हिरवी. लेखणी आयोगाने दिलेलीच वापरायची. पसंती अंकांत लिहायची. मराठी अंक चालतात, रोमनही चालतात, पण ‘एक’ असे अक्षरात लिहिले की मत बाद. एवढे सोपे असूनही २०२२ साली ५३ मते बाद ठरली आणि त्यांत १५ खासदारांची होती! गावच्या म्हातारीने यंत्रावर चुकीचे बटण दाबले तर आपण तिला हसतो.

पक्षाचा आदेश या निवडणुकीत चालत नाही. मत गुप्त आहे आणि त्यावरून आमदारकी जात नाही. २०२२ च्या जुलैमध्ये आपल्या राज्यात शिवसेनेत फूट पडलेली होती, सोळा आमदारांना अपात्र ठरवण्याचे अर्ज प्रलंबित होते. तरीही १८ जुलैला त्या सर्वांना मत देता आले, कारण अर्ज प्रलंबित असणे म्हणजे जागा रिकामी होणे नव्हे. यादीतून नाव जाते ते अपात्रतेचा निर्णय झाल्यावर, राजीनामा मंजूर झाल्यावर किंवा मृत्यूनंतर. दोन वर्षांची वा अधिक शिक्षा झाली तर २०१३ च्या निर्णयापासून आमदारकी तात्काळ जाते आणि तिच्याबरोबर हे मतही.

मतदान झाले की मोहोरबंद पेटी दिल्लीला जाते. २०२२ साली या पेट्यांसाठी विमानात स्वतंत्र तिकिटे काढली होती. अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर पेटी बसून गेली. मोजणी २१ जुलैला संसद भवनात झाली. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मते मिळाली. निर्वाचन अधिकारी असतो तो लोकसभेचा किंवा राज्यसभेचा महासचिव, आळीपाळीने. निकालानंतर पुन्हा एक कागद येतो : अमुक व्यक्ती राष्ट्रपती म्हणून निवडून आली, असे निवडणूक आयुक्तांच्या सहीचे प्रमाणपत्र. ते केंद्रीय गृहसचिवांच्या स्वाधीन होते आणि शपथविधीच्या वेळी वाचून दाखवले जाते. येथल्या शाळेतल्या खोलीत नमुना १७-सी ने सुरू झालेली कागदांची रांग तिथे संपते.

राहता राहिला १९७१ चा आकडा. कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो गोठवला, आणि पुढे चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. तिने हिशेब केला तर आपल्या आमदाराचे मूल्य १७५ ऐवजी ३९० होईल. पण त्याच हिशेबाने उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ ऐवजी ४९६ होईल आणि केरळच्या आमदाराचे १५२ ऐवजी २३९. आज आपला आमदार उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या शंभराला चौऱ्याऐंशी भरतो, तो त्या दिवशी एकोणऐंशीच भरेल. केरळचा त्र्याहत्तरावरून अठ्ठेचाळिसावर येईल. विद्यमान राष्ट्रपतींची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते, आणि येऊ घातलेल्या शिरगणतीची गणनातारीख १ मार्च २०२७ ही आहे. नवे आकडे रीतसर प्रसिद्ध होईपर्यंत तेरच्या आमदाराच्या गुलाबी मतपत्रिकेचे वजन १७५ च धरले जाईल.